बेगलवरचं क्रीम चीज आणि दोन कोटी डॉलर

अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या नियमपुस्तकात दशकभरापूर्वीपर्यंत एक गमतीदार कलम होतं. कॉलेजने आपल्या खेळाडूंना मधल्या वेळी फळं, सुकामेवा आणि बेगल, म्हणजे तो मधे भोक असलेला चिवट गोल पाव, दिला तर चालायचं. त्याच बेगलला क्रीम चीज फासून दिलं की मात्र ते 'जेवण' ठरायचं, आणि ठरलेल्या जेवणांपलीकडे जेवण देणं म्हणजे खेळाडूला बेकायदा लाभ देणं. अशा गोष्टींवर नजर ठेवायला कॉलेजांमध्ये पगारी अधिकारी असत. २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेटिकट विद्यापीठाने बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा कर्णधार शबाझ नेपियर याने पत्रकारांना सांगितलं होतं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएएने त्याच महिन्यात जेवणावरची मर्यादा काढून टाकली.

१ जुलै २०२५ पासून याच संस्थेच्या नियमांनुसार एक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट रोख देऊ शकतं, आणि पहिल्या वर्षाची मर्यादा होती २ कोटी ५ लाख डॉलर. रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या घरात. क्रीम चीजपासून इथवर यायला अकरा वर्षं लागली. त्यामुळे 'कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का' हा वादविवाद-स्पर्धांचा लाडका विषय आता शिळा झाला आहे. पैसे मिळू लागलेत. कोण म्हणून मिळतात, हे मात्र ठरलेलं नाही. विद्यार्थी म्हणून, कर्मचारी म्हणून, की आपलं नाव आणि चेहरा भाड्याने देणारे कंत्राटदार म्हणून? माझ्या मते आजची जवळजवळ सगळी गुंतागुंत या न ठरवण्यातून आलेली आहे.

हौशी खेळाचं पावित्र्य वगैरे गोष्टी या चर्चेत फार ऐकू येतात. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे १८५२ मधली हार्वर्ड आणि येल यांची न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसाकी तलावावरची नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण तिला त्या भागात पर्यटक न्यायचे होते. म्हणजे जाहिरातदार पहिल्या दिवसापासून हजर होता.

खरा पैसा आला तो टीव्हीबरोबर. १९८४ पर्यंत कॉलेजच्या फुटबॉलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, प्रक्षेपण एनसीएएच्या मुठीत होतं. कोणता संघ किती वेळा दिसणार हे ती ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी मोडली. गंमत अशी की त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी ओघात लिहून टाकलं की कॉलेज-खेळाचं वेगळेपण टिकायचं तर खेळाडूंना पैसे देता कामा नयेत. तो मुद्दा न्यायालयापुढे नव्हताच. पण एनसीएएच्या वकिलांनी पुढची पस्तीसेक वर्षं ते वाक्य ढालीसारखं वापरलं. विद्यापीठांना टीव्हीचा बाजार खुला झाला, खेळाडूंना बंदच राहिला.

आज एकट्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे, म्हणजे 'मार्च मॅडनेस'चे, हक्क २०३२ पर्यंत सीबीएस आणि टर्नरकडे आहेत. त्यातल्या शेवटच्या आठ वर्षांच्या मुदतवाढीची किंमत ८८० कोटी डॉलर. बिग टेन या विद्यापीठ-गटाचा २०२२ मधला सात वर्षांचा करार ७०० कोटींच्या वर गेला. एवढा पैसा आला आणि खेळाडूंना देता येत नाही, मग तो कुठेतरी मुरणारच. तो प्रशिक्षकांच्या पगारात मुरला, इमारतींत मुरला. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाने २०१७ मध्ये साडेपाच कोटी डॉलर खर्चून फुटबॉल संघासाठी संकुल बांधलं. त्यात घसरगुंडी आहे, मिनी गोल्फ आहे, बोलिंगच्या पट्ट्या आहेत. लुइझियाना स्टेटने २०१९ मध्ये २ कोटी ८० लाखांच्या कामात झोपण्याच्या सोयीचे लॉकर बसवले. हे विद्यापीठवाल्यांचं डोकं फिरल्याचं लक्षण नव्हतं. सतरा-अठरा वर्षांच्या गुणवान मुलाला आपल्याकडे ओढायचं आहे आणि हातात पैसे ठेवायची मुभा नाही, तर घसरगुंडी दाखवायची, हा सरळ हिशोब होता. टेक्सस ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना मुदतीआधी काढलं, तेव्हा उरलेल्या करारापोटी त्यांचं सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरचं देणं लागलं. न शिकवण्याचे पैसे. २०२५-२६ च्या पूर्ण वार्षिक मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त.

त्याच काळात खेळाडूंना कशाकशासाठी शिक्षा झाल्या ते पाहण्यासारखं आहे. २०१० मध्ये जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने आपली जर्सी १,००० डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपल्या वस्तू विकल्या आणि गोंदवून घेण्यात सवलत घेतली म्हणून त्यांच्यावर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. विद्यापीठाच्या दुकानात मात्र त्याच क्रमांकाची जर्सी राजरोस विकली जात होती.

यावरचं नेहमीचं उत्तर असं की त्यांना शिष्यवृत्ती मिळते ना, फुकट पदवी मिळते ना. हे उत्तर मला पूर्ण फोल वाटत नाही. शिकवणी शुल्क, पुस्तकं, राहणं, जेवण हे सगळं धरलं तर चार वर्षांत दोन-अडीच लाख डॉलरची गोष्ट सहज होते, आणि बहुसंख्य खेळाडू पुढे व्यावसायिक खेळात जात नाहीत. पण या सौद्याच्या अटी बारकाईने वाचाव्या लागतात. १९७३ साली एनसीएएने चार वर्षांची हमी असलेली शिष्यवृत्ती बंद करून ती एकेका वर्षाची केली. म्हणजे गुडघा गेला किंवा नव्या प्रशिक्षकाला मुलगा पसंत पडला नाही, तर पुढच्या वर्षी नूतनीकरण नाही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती द्यायची परवानगी परत आली ती २०१२ मध्ये. आणि शिक्षणाचं म्हणाल तर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या एका विभागात अठरा वर्षं असे 'वर्ग' चालले की ज्यांत तास नाहीत, शिक्षक नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्याचा फायदा घेतला आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएने ठरवलं की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळे आपल्याला यात शिक्षा करता येत नाही. क्रीम चीजवर कलम होतं, यावर नव्हतं.

तासांचा हिशोबही असाच. नियम सांगतो की हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची. कागदावर छान दिसतं. पण सामन्याचा अख्खा दिवस ३ तासच धरला जातो, मग खेळाडू सकाळी आठला हॉटेलवर हजर होऊन रात्री अकराला सुटला तरी. प्रवास धरत नाहीत. फिजिओकडे घालवलेला वेळ धरत नाहीत. 'ऐच्छिक' व्यायाम धरत नाहीत, आणि तिथे कोण आलं नाही हे प्रशिक्षकाच्या कानावर जातंच. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनमध्ये गेली. त्या गटात न्यू जर्सीचं रटगर्सही आहे. फुटबॉल संघ खास विमानाने हंगामात चार-सहा वेळा दूरवर जातो, त्याला ते झेपतं. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुली देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाच तास उडतात, घड्याळ तीन तास पुढे करतात, आणि परत आल्यावर सकाळच्या तासाला बसतात. तो प्रवास २० तासांत नाही.

'विद्यार्थी-खेळाडू' ही जोडसंज्ञा अधिकृत झाली ती १९५० च्या दशकात, आणि तिच्यामागे नुकसानभरपाईचे दावे होते. कोलोरॅडोत डेन्व्हर विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूला सरावात दुखापत झाली. तो आवारात छोटी नोकरीही करायचा आणि ती फुटबॉलवर अवलंबून होती. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कर्मचारी मानून भरपाई दिली. विद्यापीठं हादरली. १९५५ मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. १९७४ मध्ये टेक्सस क्रिश्चनचा केंट वॉल्ड्रेप मैदानावर पडला तो मानेखाली लुळा झाला. त्याच्या दाव्याचा निकाल २००० साली लागला : तो कर्मचारी नव्हता. एनसीएएचे पहिले कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये स्वतःच कबूल केलं की ती संज्ञा अशा दाव्यांपासून बचावासाठी रुजवली होती, आणि ही व्यवस्था खेळाडूंचं शोषण करते. दुखापतीनंतरच्या उपचारांची थोडीफार खात्री आली ती अगदी अलीकडे. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना खेळातल्या दुखापतीचा उपचार कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं द्यावा लागतो.

भिंतीला तडा पाडला तो एका व्हिडिओ गेमने. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९९५ मध्ये बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा एड ओ'बॅनन पुढे गाड्या विकत होता. एका मित्राच्या मुलाने त्याला गेम दाखवला. त्यात यूसीएलएचा डावखुरा, टक्कल केलेला, ३१ क्रमांकाचा खेळाडू होता. नाव नव्हतं, बाकी सगळं त्याचं. २००९ मध्ये त्याने दावा लावला. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी २०१४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने तो अर्धामुर्धा ठेवला. मग २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. मुद्दा शिक्षणाशी निगडित लाभांपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी जोडलेल्या स्वतंत्र मताचा सूर स्पष्ट होता : कामगारांना बाजारभावाने मोबदला न देणं हीच आपल्या मालाची ओळख आहे, असं दुसरा कोणताही उद्योग म्हणाला असता तर तो कायद्यात टिकला नसता. दहा दिवसांत, १ जुलै २०२१ ला, खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख विकायची मोकळीक मिळाली.

ही मोकळीक लगेचच वाकडी झाली. कायद्याने अपेक्षा होती की मुलगी स्थानिक पिझ्झावाल्याची जाहिरात करेल आणि पैसे घेईल. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या श्रीमंत चाहत्यांनी एकत्र येऊन निधी उभे केले, त्यांना 'कलेक्टिव्ह' म्हणतात, आणि त्या निधीतून फुटबॉलपटूंना पगारच देऊ लागले. निमित्ताला एखादी सही, एखादी पोस्ट. पैसे देणारा विद्यापीठाचा नाही, करार विद्यापीठाशी नाही, आणि मुलाला बोलावतो मात्र प्रशिक्षक. यात काय बिघडतं त्याचा नमुना २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दिसला. नेवाडा-लास वेगासचा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाच्या चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, मॅथ्यू स्लुका याने पहिले तिन्ही सामने जिंकून दिले आणि संघ सोडला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एका सहाय्यक प्रशिक्षकाने १ लाख डॉलरचा शब्द दिला होता आणि हातात फक्त ३,००० पडले. विद्यापीठाचं म्हणणं, असा कोणताही करार नव्हता. दोघांचंही म्हणणं तपासायला कागदच नव्हता.

आता येऊ २०२५ च्या व्यवस्थेकडे. ती खेळाडूंच्या एका खटल्यातून आली, आणि फिर्यादीच्या आडनावावरून तिला हाऊस तडजोड म्हणतात. ६ जून २०२५ ला त्याच न्यायाधीश विल्केन यांनी ती मंजूर केली. दोन भाग आहेत. जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर. आणि पुढच्यासाठी, विद्यापीठाने थेट खेळाडूला देण्याची परवानगी, पण वार्षिक मर्यादेत. ही मर्यादा अशी काढली : बड्या गटांतल्या विद्यापीठांचं टीव्ही हक्क, तिकिटं, प्रायोजक अशा ठरावीक बाबींचं उत्पन्न घ्यायचं, त्याची सरासरी काढायची, आणि तिचे २२ टक्के. पहिल्या वर्षी आकडा आला २ कोटी ५ लाख. एनबीए आणि एनएफएल या बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या जवळपास निम्मा असतो, कारण तिथे खेळाडूंची संघटना समोर बसून तो ठरवते. इथे २२ ठरले ते वकिलांच्या बैठकीत. ज्यांचा वाटा, ते टेबलाशी नव्हते.

बरं, हे २ कोटी ५ लाख सगळे रोख नसतात. विद्यापीठाने नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाखांपर्यंतची रक्कम याच मर्यादेत मोजली जाते. ऑल्स्टन निकालाने आलेली अभ्यासाची बक्षिसं, वर्षाला जास्तीत जास्त ५,९८० डॉलर प्रत्येकी, तीही २५ लाखांपर्यंत यातूनच. उरलेल्याची वाटणी प्रत्येक विद्यापीठ आपल्या मर्जीने करतं, पण अनेकांनी मागच्या भरपाईचं सूत्र उचललं : फुटबॉल ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉल १५, महिला बास्केटबॉल ५, बाकी सगळे मिळून ५. पूर्ण रकमेवर हिशोब करून पाहा. फुटबॉलच्या १०५ जणांना सरासरी १ लाख ४६ हजार. पुरुष बास्केटबॉलच्या १५ जणांना २ लाख ५ हजार. महिला बास्केटबॉलच्या १५ जणींना ६८ हजार. जलतरण, टेनिस, धावणं, कुस्ती यांत मिळून समजा साडेतीनशे खेळाडू असतील, तर प्रत्येकी २,९०० च्या आसपास. अर्थात सरासरी म्हणजे फसवा आकडा. क्वार्टरबॅक एकटाच पंधरा जणांचे घेऊन जातो आणि राखीव फळीतल्या मुलाच्या वाट्याला काही येतही नाही.

बाहेरच्या जाहिरातींचे करार वेगळे, ते या मर्यादेत नाहीत. पण ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक करार 'एनआयएल गो' (एनआयएल म्हणजे इंग्रजीत नाव, छबी, ओळख यांची आद्याक्षरं) नावाच्या पोर्टलवर पाच कामाच्या दिवसांत नोंदवायचा. पोर्टल डेलॉइटने बनवलं आहे आणि त्यावर देखरेख कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेची. पैसे देणारा विद्यापीठाशी जोडलेला असेल तर ती दोन गोष्टी तपासते : यामागे खरा धंदा आहे का, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का. एखाद्या कॉलेज-क्वार्टरबॅकच्या सहीचा 'बाजारभाव' बाजारात मिळणाऱ्या रकमेहून वेगळा कसा काढायचा, हे मला तरी उमगलेलं नाही.

आणि मग कर. वीस वर्षांच्या मुलाचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. पैसे सहसा स्वतंत्र व्यावसायिकाला मिळतात तसे मिळतात. पगारातून कापून घेतात तसा कर कोणी कापत नाही, वर्षअखेरीस १०९९ हा फॉर्म येतो. १ लाख डॉलर मिळाले तर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर आणि वर केंद्रीय आयकर धरून साधारण चौथा हिस्सा जातो. राज्याचा कर आणखी वेगळा. टेक्सस, फ्लोरिडा आणि टेनेसी पगारावर कर घेत नाहीत, आणि तिथली विद्यापीठं मुलांना हे आवर्जून सांगतात. कर एकदम एप्रिलमध्ये भरून भागत नाही. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी असे चार हप्ते, चुकले की दंड. डीलरने 'फुकट' वापरायला दिलेली गाडी, तिचं भाडंमूल्यही उत्पन्नात धरायचं. गरीब घरातल्या मुलाला मिळणारं पेल अनुदान उत्पन्न वाढलं की घटतं किंवा बंद होतं. साधा उपाय एकच आहे, पैसे आले की त्यातले तीस टक्के वेगळ्या खात्यात टाकून तिकडे बघायचं नाही. किती जण करतात, देव जाणे. कर्मचारी असते तर निम्मा स्वयंरोजगार कर विद्यापीठाने भरला असता आणि बाकीचा दरमहा आपोआप कापला गेला असता.

महिला खेळाडूंचा प्रश्न याच ठिकाणी अडकतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने शिष्यवृत्तीचा पैसा मुलामुलींच्या सहभागाच्या प्रमाणात वाटावा लागतो. मग हा नवा पैसा शिष्यवृत्तीसारखं 'अर्थसाहाय्य' आहे का? बायडन प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये जाता जाता सांगितलं, आहे. ट्रम्प प्रशासनाने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. अर्थसाहाय्य असेल तर ७५-१५-५-५ ही वाटणी उघड बेकायदा. वेतन असेल तर दुसरे कायदे लागू होतात आणि फुटबॉलचं जास्त उत्पन्न हे कारण निदान मांडता येतं. पण विद्यापीठं म्हणतात हे दोन्ही नाही. मागच्या भरपाईच्या वाटणीविरुद्ध काही महिला खेळाडूंनी लगेच अपील केलं.

तडजोडीत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. ऐकायला उदार वाटतं. पुरुष जलतरणात पूर्वी ९.९ शिष्यवृत्त्या होत्या, प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून तीस-पस्तीस जणांत वाटायचा. आता ३० जण, आणि सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती द्यायची मुभा. मुभा, पैसा नव्हे. ज्यांना काहीच मिळत नव्हतं पण जे संघात होते, पहाटे पाचला तलावात उतरत होते, ते ३१ व्या नंबरचे बाहेर गेले. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने जलतरण आणि डायव्हिंगचे संघच बंद केले, आणि कारण देताना या तडजोडीमुळे वर्षाला किमान साडेचार लाख डॉलरचा फटका बसेल असं सांगितलं. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो तो ग्रँट हाऊस ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू होता.

या छोट्या खेळांशी आपला संबंध येतो. भारतातून, आणि त्यात पुण्या-मुंबईतून, अमेरिकन कॉलेजात खेळायला जाणारी मुलं फुटबॉलला जात नाहीत, ती टेनिस, स्क्वॉश, जलतरण, ॲथलेटिक्सला जातात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर सुवर्ण जिंकलेली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ चा विजेता होता, तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत. जुन्या नियमांत महिला टेनिसला ८ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या, पुरुष टेनिसला ४.५, त्याही तुकड्यांत. आता दोन्हीकडे मर्यादा १० जणांची, पण पूर्ण शिष्यवृत्तीची सक्ती कुठेच नाही. आज एखाद्या प्रशिक्षकाशी बोलताना पालकांनी विचारायचं ते हे : तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील आहे का, शिष्यवृत्ती किती टक्के, किती वर्षांची, दुखापत झाली तर काय, आणि हे सगळं सहीच्या कागदावर आहे का. तोंडी 'डोन्ट वरी'वर विमानात बसायचं नाही. आयव्ही लीगमधली विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत आणि तडजोडीतही नाहीत, हेही माहीत असलेलं बरं.

पैशांचं तर या मुलांना अवघडच आहे. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेर जवळपास नाहीच. जाहिरातीचं शूटिंग केलं तर ते काम, आणि व्हिसा धोक्यात. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर श्चिब्वे २०२२ मध्ये संघाबरोबर बहामाला गेला तेव्हा त्याने आपले करार तिथे उरकले, कारण अमेरिकेच्या भूमीबाहेर ते चालतं. विद्यापीठाकडून मिळणारा वाटा वकील मंडळी 'नावाच्या वापराचं स्वामित्वशुल्क' म्हणून बसवतात, म्हणजे काम न करता मिळणारं उत्पन्न. व्हिसा देणाऱ्यांनी हे मान्य केलंय असं कुठे लिहिलेलं नाही. त्यावर ३० टक्के कर मुळातच कापला जातो. भारताशी असलेल्या करारामुळे स्वामित्वशुल्कावर तो १५ पर्यंत उतरू शकतो, पण त्यासाठी आधी कागद भरून द्यावे लागतात. भारतीय विद्यार्थ्याला एक खास सवलतही आहे, बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना न मिळणारी प्रमाणित वजावट त्याला घेता येते. महाजालावरची कर भरायची साधी संगणकप्रणाली हे विचारत नाही आणि मुलं ती वजावट सोडून देतात.

मग फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या बड्या संघांतल्या खेळाडूंना सरळ कर्मचारी का म्हणू नये? माझं मत त्याच बाजूचं आहे. संघटना येईल, वाट्याचे टक्के समोरासमोर ठरतील, करार मोडायच्या अटी दोन्ही बाजूंना बांधतील, भरपाईचा कायदा लागू होईल. अडचणी आहेत. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंना केंद्रीय कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवलं, पण २०१५ मध्ये मुख्य मंडळाने हात वर केले, कारण त्यांचे प्रतिस्पर्धी बहुतेक सरकारी विद्यापीठं आणि ती मंडळाच्या कक्षेत येत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनासारख्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करायलाच बंदी आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापली. त्यांना शिष्यवृत्तीही नव्हती आणि टीव्हीचा पैसाही नव्हता, तरी विद्यापीठ त्यांच्या वेळेवर ताबा ठेवतं एवढं अधिकाऱ्याला पुरलं. वर्षअखेरीस, मंडळात येणारे नवे सदस्य उलटा पायंडा पाडतील या भीतीने त्यांनी अर्ज मागे घेतला. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये जॉन्सन खटल्यात दार उघडं ठेवलं : काही खेळाडू वेतन कायद्याखाली कर्मचारी असू शकतात, प्रत्येक बाबतीत तपासून ठरवा.

पण कर्मचारी म्हटलं की तास मोजावे लागतील, आणि खरे मोजावे लागतील. प्रवास, फिजिओ, ऐच्छिक व्यायाम, सगळे. पहिल्या श्रेणीतल्या टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत. बड्या संघांपुरतं म्हणून सुरू झालेलं हे तिथपर्यंत पोचलं, तर एफ-१ वरच्या मुलीला २० तासांवर एक तासही काम करता येणार नाही, आणि हंगामातल्या कोणत्याही साध्या आठवड्यात तिचे तास ३५ च्या पुढे जातात. व्हिसाचा नियम बदलला नाही तर तिला एकतर संघ सोडावा लागेल, नाहीतर तिच्या हजेरीपत्रकावर आत्तासारखेच २० लिहावे लागतील.